खडकाला वापसा आला का? विदर्भातल्या वालुकाश्मावर चढण्याआधी आभाळ आणि दगड कसा पाहावा

डिसेंबर २०२३. मिचाँग चक्रीवादळ ५ तारखेला आंध्रात बापटल्याजवळ किनाऱ्याला लागलं आणि त्याचे ढग आमच्या चंद्रपूरकडच्या भागावर झरत राहिले. धानाचे पुंजणे ताडपत्रीखाली, वेचणीला आलेला कापूस भिजलेला, गावात सगळ्यांची तोंडं उतरलेली. ९ तारखेला शनिवारी ऊन पडलं तसा मी दोर, कमरेला बांधायचा हार्नेस पिशवीत कोंबून निघालो. वाटेत शेजारचे काकाजी धुऱ्यावर उभे. म्हणाले, "काहून रे बाबू, वावरात वापसा नाही अन् तू पहाडीवर कुठी चालला?"

वापसा म्हणजे पावसानंतर वावरात काम करता येईल इतकी ओल उतरणं. मी हसून पुढे गेलो. वावराचा आणि पहाडीचा काय संबंध?

तासाभराने उजव्या हातातली पकड भाकरीएवढ्या पापुद्र्यासकट निघून आली. दोर वरून बांधलेला होता म्हणून मी हातभर खाली लोंबकळलो एवढंच, पण तो तुकडा खाली बिले देणाऱ्या, म्हणजे माझा दोर सांभाळणाऱ्या मित्राच्या खांद्याला चाटून गेला. खाली उतरून तुकडा उचलला. बाहेरची बाजू कोरडी, उन्हाने कोमट. आतली बाजू थंड, काळपट, आणि अंगठ्याने चोळली तर ओल्या रव्यासारखी रेती सुटत होती. काकाजींना दोराची गाठसुद्धा माहीत नाही, पण दगडाबद्दल ते माझ्यापेक्षा बरोबर होते.

त्यानंतर मी चढाईला जाण्याआधी जे जे पाहतो, ते इथे लिहितो आहे. सह्याद्रीत चढणाऱ्यांना यातलं बरंच वेडगळ वाटेल, कारण त्यांचा दगड वेगळा आहे.

आधी दगड कोणता ते ओळखा

चिखलदरा, गाविलगड, नरनाळा हा सगळा पश्चिम विदर्भ काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा. लाव्हा थिजून झालेला तो दगड पावसात निसरडा होतो, पण वाळेपर्यंत थांबलं की बहुतेक प्रश्न मिटतो. नागपूरच्या पूर्वेला आणि दक्षिणेला, कामठी, उमरेड, वर्धा नदीचं खोरं, चंद्रपूर, खाली सिरोंच्यापर्यंत मधूनमधून जो लाल-पिवळा रेतीचा गोटा लागतो तो वालुकाश्म. भूगर्भशास्त्रात यातल्या एका थराला कामठीचंच नाव आहे. साधारण २५ कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेली ही रेती. सिल्लेवाड्याच्या बाजूला याच दगडात ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसे सापडतात.

वालुकाश्म म्हणजे रेतीचे कण आणि त्यांना धरून ठेवणारा चिकटा. चिकटा सिलिकाचा असेल तर दगड लोखंडासारखा. कर्नाटकातल्या बदामीचा वालुकाश्म फार जुना आणि असाच घट्ट, म्हणून तिथे देशभरातले लोक बोटभर कडांवर लटकतात. चिकटा लोहाचा असेल तर मध्यम. मातीचा किंवा चुन्याचा असेल तर मामला नाजूक. आमच्याकडे एकाच भिंतीत हे सगळे प्रकार हातभर अंतरावर भेटतात, आणि तिथेच गोची आहे.

ओळखायचं कसं? उन्हाळ्यात, दगड खडखडीत वाळलेला असताना एकदा जा. तीन गोष्टी करा.

बाटलीच्या झाकणाने पाण्याचे चार थेंब दगडावर सोडा. थेंब टिपकागदावर पडल्यासारखा गायब झाला तर हा तहानलेला दगड, पावसाळ्यातही असाच पिणार. थेंब ओघळून गेला तर चिकटा दाट आहे.

मग दगडावर तोंडाने गरम हवा सोडा, चष्म्याच्या काचेवर सोडतो तशी, आणि लगेच वास घ्या. पहिल्या पावसाचा मातीचा वास आला तर आत चिकणमाती आहे. हा दगड भिजला की फुगतो आणि सैल होतो.

शेवटी अंगठा दाबून चोळा. दोन-चार कण निघणं चालतं. अंगठा लाल झाला, चिमूटभर रेती हातात आली, तर ती भिंत बघायला छान आहे, चढायला नाही.

जमलं तर गावातल्या पाथरवटाला सोबत न्या. पाटे-वरवंटे घडवणारा माणूस छिन्नीच्या आवाजावरून जे सांगतो ते पुस्तकात मिळत नाही. खाणीतून ताजा काढलेला गोटा मऊ असतो आणि हवा लागल्यावर टणक होतो, हे मला अशाच एकाने सांगितलं. कारण साधं आहे. आतली ओल बाहेर येऊन वाळते आणि सोबत आणलेली खनिजं पृष्ठभागावर सोडून जाते. त्यामुळे जुन्या नैसर्गिक भिंतीला वरून कडक साल असते, आत मऊ गर. साल फुटली की त्या जागी पकड पुन्हा तयार होत नाही. खाणीच्या कापलेल्या भिंतीवर तर चढूच नका. तिथे सुरुंगाने आतपर्यंत भेगा गेलेल्या असतात आणि कडक सालही धरलेली नसते.

भिजलेला वालुकाश्म का दगा देतो

पाणी कणांमधल्या चिकट्यात शिरतं. माती असेल तर ती फुगते, चुना असेल तर थोडा थोडा विरघळतो, आणि कण एकमेकांवर सरकायला सोपे होतात. काही मऊ वालुकाश्मांची ताकद भिजल्यावर निम्म्याहून कमी उरते. पकड तुटते, तसाच दोर अडकवायला भेगेत बसवलेला कॅम, म्हणजे फाकून अडकणारं धातूचं साधनही आजूबाजूचा दगड चुरत सरकू शकतो. दोर अडकवायला भोकात ठोकलेला, प्रसरण पावून बसणारा आखूड बोल्ट अशा दगडात मला कोरड्या दिवशीही आवडत नाही. मऊ दगडात लांब आणि रसायनाने चिकटवलेला बोल्टच बरा.

जर्मनीत ड्रेस्डेनजवळ एल्ब नदीच्या काठावरचे वालुकाश्माचे सुळके आहेत. तिथे ओल्या दगडावर चढायला नियमानेच बंदी आहे. धातूचे नट-कॅम तर कोरड्या दिवशीही चालत नाहीत, भेगेत दोराच्या गाठी अडकवतात. अमेरिकेत लास व्हेगासजवळच्या रेड रॉकला पावसानंतर एक ते तीन दिवस थांबायचा रिवाज आहे. हे आकडे तिथल्या वाळवंटाचे. आपल्याकडे हवेत दमटपणा जास्त, झाडं जास्त, म्हणून मी ते तसेच्या तसे उचलत नाही.

पावसाचा हिशेब ठेवा

चढाईच्या आठवडाभर आधीपासून मी वहीत दोन गोष्टी लिहितो: पाऊस किती पडला आणि त्यानंतर ऊन किती तास मिळालं. पावसाचे आकडे महसूल मंडळनिहाय मिळतात. महावेधची स्वयंचलित केंद्रं त्यासाठीच आहेत. पण मंडळाचं केंद्र आणि तुमची पहाडी यांत आठ-दहा किलोमीटर असतील तर आकडा फसवतो. आमच्याकडे पाऊस एका धुऱ्याला झोडपतो आणि दुसऱ्याला कोरडा सोडतो. म्हणून पहाडीच्या माथ्यावर, झाडापासून लांब, सरळ कडांचा एक डबा दगडांत घट्ट रोवून ठेवा. गेल्यावर पट्टीने पाणी मोजा. ऊन कडक असेल तर थोडं पाणी उडालेलं असणार, तेवढं धरून चाला. गुराख्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर डबा त्याच्या कामाला लागतो. माझे दोन गेले.

पुढच्या दिवसांसाठी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार अंदाज पाहा. पिवळा, नारिंगी, लाल अशा इशाऱ्यांत पिवळा लोक हसण्यावारी नेतात.  दगडावर जाणाऱ्याने पिवळ्यालाही थांबावं, कारण त्यात बहुधा विजांचा उल्लेख असतो.

माझा अंदाज, आमच्या भिंतींवरून बांधलेला, असा आहे. हिवाळ्यात पाच मिलिमीटरच्या आतली सर येऊन गेली आणि नंतर स्वच्छ ऊन-वारा मिळाला, तर एक पूर्ण दिवस. दहा-वीस मिलिमीटर पडला तर तीन दिवस, तेही दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला. दोन-तीन दिवस झड लागली असेल तर आठवडा. ढगाळ दिवस मी मोजतच नाही. डिसेंबरच्या त्या चुकीत माझ्या वहीत पाऊस थांबून दोन दिवस झाले होते, पण उन्हाचे तास जेमतेम सहा होते.

दिशेचं महत्त्व इथे कळतं. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य भर दुपारीही दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून ४५ अंशांच्या जरासाच वर. दक्षिणेच्या भिंतीला दिवसभर शेक मिळतो, उत्तरेच्या भिंतीला थेट ऊन लागतच नाही. तीन दिवसांचे तिथे सहा धरा. नाल्याच्या घळीत असेल तर त्याहून जास्त.

मोसमी पावसानंतरचा काळ सगळ्यात फसवा. ऑक्टोबरात ऊन चटके देतं, रस्त्यावर धूळ उडते, आणि वाटतं झालं, कोरडं झालं. पण चार महिने प्यालेला दगड आतून तुडुंब असतो. माथ्यावर सपाट जंगल असेल तर तिथलं मुरलेलं पाणी थरांमधून नोव्हेंबरपर्यंत पाझरत राहतं. मी दिवाळीआधी आमच्या भिंतीला हात लावत नाही. दिवाळी लवकर आली तर आणखी पंधरा दिवस.

पायथ्याची मूठभर माती

शेतकरी वापसा कसा पाहतो? खुरप्याने वीतभर उकरतो, मूठभर माती दाबतो, गोळा करून खाली टाकतो. गोळा फुटला तर वापसा आहे. चेपून राहिला तर अजून वापसा नाही. भिंतीच्या पायथ्याशी मी हेच करतो, फक्त निकाल अधिक कडक लावतो. शेताला थोडी ओल हवी असते, मला अजिबात नको.

जागा निवडताना डोकं लावा. भिंतीवर जेवढा पाऊस पडला तेवढाच जिथे पडला असेल अशी जागा हवी. पुढे आलेल्या छताखालची माती कोरडीच असणार, आणि दाट झाडाखालची महिनाभर ओली. वरच्या वावरातून वाहून आलेली काळी माती असेल तर ती सोडा. काळी माती ओल सोडतच नाही, तिच्यावरून दगडाला नापास करणं अन्याय आहे. भिंतीचीच झिजलेली लालसर रेताड माती शोधा. रेताड मातीचा गोळा मुळात नीट होत नाही, म्हणून रंग आणि गारवा पाहा. वरच्या थरापेक्षा वीतभर खालची माती गडद आणि हाताला थंड लागली, तर मी पिशवी उघडत नाही. झाडाखाली बसून डबा खातो आणि परत येतो. घरचे विचारतात, एवढ्यासाठी गेला होतास?

शंका उरली तर आणखी एक युक्ती आहे, वेळ खाणारी पण उपयोगी. भिंतीच्या पायथ्याशी त्याच दगडाचा उन्हातला सपाट कट्टा शोधा. त्यावर पारदर्शक पॉलिथिनचा हातभर तुकडा अंथरा आणि चारही कडांवर रेती पसरून दाबा. दोन-तीन तासांनी पाहा. आतून वाफेचे थेंब धरले असतील तर दगड अजून पाणी सोडतो आहे. थेंब नाहीत म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. कट्टा दिवसभर उन्हात होता, भिंतीची कपार नव्हती.

टिचकी, तळवा आणि डोळा

उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात माठ घेताना आपण काय करतो? बोटाच्या पेराने टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर घेतो, भद्द वाजला तर खाली ठेवतो. प्रत्येक मोठ्या पकडीला चढण्याआधी हेच करायचं. पेराने टिचकी, मग तळव्याने थाप. थाप मारताना दुसरा हात पकडीच्या कडेला ठेवा. पोकळ पापुद्रा असेल तर बोटांना थरथर कळते, कधी कधी आवाजाच्याही आधी.

डोळ्यांनी पाहायच्या खुणा:

पांढरी भुकटी. घराच्या भिंतीला लोणा लागतो तसा दगडालाही लागतो. आतलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं आणि ते क्षार स्फटिक होताना कण उकलतात. लोणा म्हणजे इथून पाणी ये-जा करतं, आणि हा भाग कोरड्यातही ठिसूळ.

तपकिरी लोहाचे पट्टे भिंतीतून बाहेर आलेले दिसतात. पकडायला हाताशी येतात, आणि भक्कमही असतात, पण पापडाएवढे पातळ. त्यांच्या मागची मऊ रेती झिजलेली असते. ते कडेला न धरता मुळाशी धरा, आणि ओढण्यापेक्षा खाली दाबा.

गोट्यांचा थर. चिक्कीतल्या शेंगदाण्यासारखे गुळगुळीत गोटे रेतीत रुतलेले असतात. एक गोटा म्हणजे एक पकड, असा मोह होतो. ओलसर दिवसात ते दातासारखे निखळतात.

थरांमधली बोटभर लाल मातीची रेघ. वरून झिरपलेलं पाणी तिथेच अडतं. भिंत वाळली तरी ही रेघ गडद दिसत असेल तर तिच्या वरचा आणि खालचा हातभर भाग ओला समजा.

शेवाळ वाळून करपलेलं हवं. बोटाने दाबल्यावर कुरकुर आवाज येऊन चुरा झाला तर ठीक. गादीसारखं दबलं तर नाही.

आणि एक खास आपल्याकडची खूण. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, आग पसरत पहाडीपर्यंत जाते. आगीत तापलेल्या वालुकाश्माची साल सुटते. भिंतीच्या खालच्या पुरुषभर उंचीवर काजळी किंवा ताजे गुलाबीसर टवके दिसले, पायथ्याशी पातळ चकत्या पडलेल्या असल्या, तर ती भिंत गेल्या वर्षी कितीही चांगली असली तरी नवीनच समजा आणि टिचकीपासून सुरुवात करा.

दव, धुकं आणि ऊन

दव ही पावसापेक्षा सौम्य गोष्ट. जानेवारीच्या सकाळी भिंत ओली दिसते, पण ती ओल वरवरची. सूर्य लागला की नऊ-दहापर्यंत जाते. घाई करून सातला हात घातला तर हाताला लावलेल्या चॉकच्या भुकटीचा लगदा होतो आणि तोच लगदा खाचांत बसतो. चहा घ्या. मात्र वैनगंगेच्या काठाकडे सलग तीन-चार दिवस दुपारपर्यंत धुकं राहिलं, तर मी ते हलक्या सरीसारखं धरतो.

उन्हाळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ४५-४६ अंशांत दगड कोरडा असतो, माणूस टिकत नाही. पश्चिमेची भिंत रात्री आठपर्यंत तव्यासारखी शेक सोडते. फार तर पहाटे पाच ते आठ, तेही मार्चपर्यंत. आमचा खरा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत.

फेब्रुवारीनंतर गारपिटीचे दिवस सुरू होतात, आणि मग वीज. विदर्भात वीज पडून माणसं दरवर्षी जातात, बहुतेक शेतात. पहाडीच्या माथ्यावर ओल्या दोराला बांधलेला माणूस त्यांच्याहून सुरक्षित नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप फोनवर असू द्या, पण आमच्या पहाडीमागे रेंज नसते, म्हणून मोजणीही यायला हवी. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की उतरा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत जायचं नाही. एकट्या झाडाखाली नाही, उथळ कपारीच्या तोंडाशीही नाही. दुपारी पश्चिमेला ढगांचे फुलकोबीसारखे डोंगर उभे राहू लागले तर मोजायचीही वाट पाहू नका.

हवामानाबाहेरच्या दोन गोष्टी

आग्या मोहळ. नोव्हेंबरात मोकळी असलेली भिंत जानेवारीत भरलेली असू शकते. छताखाली जुन्या पोळ्यांचे फिकट डाग दिसले तर ती जागा त्यांच्या ठरलेल्या मुक्कामाची. दुर्बिणीने पाहा, मोहळ असेल तर मुकाट्याने परत फिरा. तिथे दिवसाच्या कोरडेपणाला काही अर्थ नाही.

परवानगी. पहाडी बहुधा वनजमीन असते. वनरक्षकाला आणि गावात सांगून जा. व्याघ्र प्रकल्पात, लेण्यांवर, भद्रावतीच्या विजासनसारख्या संरक्षित जागी, चित्रं असलेल्या कपारींत चढायचं नाही. कपारीत अस्वल असू शकतं, आणि ते आधी गावकऱ्यांना माहीत असतं.

सगळं पाहून चढायला लागलात तर

पहिला चढ नेहमी वरून दोर बांधून करा. दोर ज्या झाडाला बांधता त्याच्या बुंध्याला आधी खांदा लावून हलवा. वालुकाश्माच्या माथ्यावर माती वीतभरच असते, मोठं झाडही वर वर रुजलेलं असतं. मी दोन झाडं वापरतो. कडेवर दोराखाली गोणपाटाची दुहेरी घडी घाला, इथली रेती दोराला कानशीसारखी खाते.

बिले देणारा थेट खाली नको, बाजूला, हेल्मेट घालून. वजन झटक्याने टाकू नका. पकडीवर आधी अर्धं वजन, एक श्वास, मग पूर्ण. पाय कडेच्या टोकाला न ठेवता आतल्या बाजूला. आणि पहिली पकड तुटली की थांबा. मी त्या शनिवारी, तो भाकरीएवढा पापुद्रा सुटण्याआधी एक तुकडा निघाला तेव्हा, "एखादी तुटतेच" म्हणून आणखी दहा फूट चढलो होतो. तुटलेली जागा पाहा, बोट लावा. आतला दगड बाहेरच्याच रंगाचा आणि कोरडा असेल तर तो सुटा तुकडा होता, पुढे जा. गडद आणि थंड असेल तर उतरा.

संध्याकाळी परत येताना काकाजी तिथेच होते. तुकडा मी पिशवीत आणला होता, तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी उलटा केला, नखाने खरवडला, बोटावर आलेली रेती चिमटीत चोळून पाहिली आणि म्हणाले, "चार दिवस तरी लागन."

मी बुधवारी सकाळी खुरपं घेऊन पुन्हा गेलो. वीतभर खालची माती वरच्याच रंगाची होती.